स्प्रिंग फिरवूनही कमोड पुन्हा तुंबतो

प्रश्न : नागपूरच्या मानेवाडा भागात आमचं तळमजल्याचं घर आहे, बांधून नऊ वर्षं झाली. घरात पाच माणसं. कमोड दर पंधरा-वीस दिवसांनी तुंबतो. प्लंबर स्प्रिंग (पाइपात घालायची लांब, लवचिक तार) फिरवून मोकळा करून जातो, आम्ही ॲसिडही टाकतो, तरी पुन्हा तेच. पावसाळ्यात तर फारच हाल. आता टाइल्स फोडून कमोड बदलायला सांगताहेत. बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. नवा कमोडही त्याच पाइपाला जोडला जाणार, आणि दोष पाइपात असेल तर महिनाभरात तोही तुंबेल. आधी दोष कुठे आहे ते बघा.

पुढच्या वेळी तुंबला की अंगणातल्या पहिल्या चेंबरचं झाकण उघडा. आत वायू साचलेला असतो, म्हणून उघडल्यावर पाच मिनिटं लांब थांबा, जवळ बिडी-काडी नको. चेंबर कोरडं आणि कमोड भरलेला, म्हणजे अडथळा या दोहोंच्या मध्ये. चेंबरही काठोकाठ, म्हणजे अडथळा पुढे गडर (सांडपाण्याच्या) लाइनीत किंवा सेप्टिक टँककडे. असं असेल तर कमोडात कितीही स्प्रिंग फिरवली तरी उपयोग नाही.

लाइन मोकळी असताना दहा लिटरची बादली कमोडात एका झटक्यात ओता. सगळं सपाट्यात वाहून गेलं, पण फ्लशने जात नसेल, तर फ्लशच दुबळा आहे. फ्लशच्या टाकीतलं पाणी उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या टोकापासून साधारण इंचभर खाली हवं. कमी असेल तर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा गोळा) वर घ्या. दोन बटणांच्या फ्लशमध्ये लहान बटणाला तीनच लिटर पाणी सुटतं, ते फक्त लघवीसाठी. शौचानंतर मोठंच बटण दाबायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बोअरचं पाणी असेल तर कमोडच्या कडेखालची भोकं क्षारांनी बुजतात. छोटा आरसा धरून बघा, पांढरा-पिवळा थर दिसेल. एक लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा, त्यात कापडाच्या पट्ट्या भिजवून रात्रभर कडेखाली दाबून ठेवा आणि सकाळी तारेने भोकं टोकरा. पट्ट्या आठवणीने काढा, नाहीतर त्याच आत जातील.

तुमच्या वर्णनावरून मात्र आमचा संशय पाइपावर आहे. नागपूरच्या बऱ्याच लेआउटांत खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. चार इंची पाइप नुसत्या मातीवर टाकला असेल, तर काही वर्षांत मधोमध खचतो, त्याला पोट पडतं. त्या पोटात पाणी साचतं, मैला बसतो, वरून कागद आणि केस अडकतात. स्प्रिंग त्यातून भोक पाडते, गाळ तिथेच राहतो. चेंबरमधून पाइपात टॉर्च मारा. फ्लशनंतर बराच वेळ आत पाणी चमकत राहिलं, तर पोट पडलंय असं समजा. उपाय एकच : तेवढा भाग उकरायचा, तळाला मुरूम ठोकून त्यावर चार इंच रेतीचा थर द्यायचा आणि दर दहा फुटांना तीन इंच ढाळ लेव्हलने तपासून पाइप नव्याने टाकायचा. चेंबरचा तळही बघा. तिथे अर्धगोल चॅनेल हवं, दोन्ही बाजूंनी त्याकडे उतार हवा. मिस्त्री घाईत तळ सपाट सोडतात आणि सगळा गाळ तिथे बसतो.

पावसाळ्यातल्या त्रासाचं कारण अनेकदा गच्चीवर असतं. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप याच चेंबरला जोडलेला असेल, तर मोठ्या सरीत लाइन भरते आणि तळमजल्याचं पाणी मागे फिरतं. तो आधी वेगळा काढा.

ॲसिड कृपा करून बंद करा. त्याने वाइप्स, पॅड किंवा कापड विरघळत नाही. चेंबरचं सिमेंट मात्र झिजतं, आणि नंतर स्प्रिंग फिरवणाऱ्या माणसाच्या अंगावर तेच पाणी उडतं. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरिन वायू सुटतो, बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. ‘फ्लश करता येतं’ असं पाकिटावर लिहिलेले वाइप्सही कचऱ्याच्या डब्यातच टाका.

प्रश्न : मे महिन्यात गावाहून परतलो की संडासात घाण वास असतो. सेप्टिक टँक भरला का?

उत्तर : बहुधा नाही. भांड्याच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे खालच्या वळणदार नळीत, दोन इंच पाणी असतं, तेच वास अडवतं. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद घरात ते आटतं. परतल्यावर कमोडात आणि न्हाणीच्या जाळीत एकेक बादली पाणी ओता. जास्त दिवस जाणार असाल तर निघताना दोन्हीकडे दोन-दोन चमचे खाण्याचं तेल सोडा. तवंगामुळे पाणी सावकाश आटतं. पाणी ओतूनही दोन दिवस वास राहिला, तर मग टँक उघडून बघा.