आजी ८२ वर्षांच्या आहेत, पडून खुब्याचं हाड मोडलंय. या वयात ऑपरेशन करावं का?

हो, डॉक्टर भूल द्यायला तयार असतील तर करा. वयापेक्षा अंथरुणाला खिळणं जास्त घातक. न्यूमोनिया, बेडसोर, पायात रक्ताच्या गुठळ्या त्यातूनच होतात. म्हणून शक्यतो ३६ ते ४८ तासांत ऑपरेशन उरकतात. मांडीच्या हाडाची मान (खुब्यालगतचा बारीक भाग) मोडून सरकली असेल तर बहुधा अर्धा सांधा बदलतात, त्याखाली मोडलं असेल तर आत रॉड घालतात.

दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं करतील. तेव्हा ‘नको, दुखेल त्यांना’ म्हणून कृपा करून अडवू नका. आजी असंबद्ध बोलायला लागल्या तर डॉक्टरांना लगेच सांगा. असा गोंधळ कमी व्हावा म्हणून चष्मा, कानाचं मशीन आणि घरचं माणूस जवळ असू द्या. ठिसूळ हाडांवरचं औषध मात्र डिस्चार्जआधीच विचारून घ्या, ते फार वेळा राहून जातं.