'रेसिस्ट' विनोद : वर्णद्वेषी, वंशवादी की वंशभेदी?

प्रश्न असा : 'द सिम्पसन्स', 'साउथ पार्क' यांसारख्या मोठ्यांच्या कार्टून मालिकांतल्या विनोदाला 'रेसिस्ट' म्हटलं जातं. मराठीत लिहिताना वर्णद्वेषी म्हणावं, वंशवादी म्हणावं, की आणखी काही?

'वंशवादी' मी टाळतो. हिंदी बातम्यांत वंशवाद म्हणजे घराणेशाही. दोन्ही भाषा वाचणारा गोंधळतो. 'वर्णद्वेषी' रुळलेला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या राजवटीला आपली वर्तमानपत्रं तेच विशेषण लावत आली, आणि तिथे ते चपखल बसलं. विनोदाच्या बाबतीत मात्र 'द्वेष' आडवा येतो. तो थेट मनावर आरोप करतो. मग लिहिणारा म्हणतो, "अहो, आमच्या मनात तसं काही नव्हतं," आणि वाद तिथेच रुतून बसतो.

'सिम्पसन्स'मधला अपू बघा. १९९०पासूनचा हा दुकानदार. आडनाव नहासापीमापेटिलॉन, हे कुठल्या प्रांतातलं, ते ब्रह्मदेवाला ठाऊक! गडी हुशार, कॉम्प्युटर सायन्समध्ये डॉक्टरेट केलेला. त्याच्या निर्मात्यांच्या मनात भारतीयांचा द्वेष होता, असं म्हणवत नाही. पण आवाज गोऱ्या हँक अझारियाचा, उच्चार मुद्दाम फुगवलेले, आणि त्या काळी अमेरिकी टीव्हीवर दुसरं भारतीय माणूस औषधालाही सापडायचं नाही. तिथे वाढणाऱ्या देशी पोरांना शाळेत याच आवाजात चिडवलं जायचं. विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी २०१७च्या माहितीपटात हेच गाऱ्हाणं मांडलं. २०२०मध्ये अझारियानं अपूचा आवाज सोडला. त्याच वर्षी, इतर वंशांच्या पात्रांना गोऱ्या नटांनी आवाज द्यायचा नाही, असं मालिकेनं जाहीर केलं.

इथे मी 'वंशभेदी' वापरेन. भेद वागण्यातून दिसतो, त्यासाठी कुणाचं मन उघडून बघावं लागत नाही. आणि स्टिरिओटाइपला मराठीत 'ठोकळेबाज' हा झकास शब्द आहेच. पण 'वंशभेदी' आणि 'ठोकळेबाज' एकच नव्हेत. होमर सिम्पसनही ठोकळाच आहे : आळशी, खादाड, बिनडोक बाप. तरी गोऱ्या पोरांना कुणी होमर म्हणून हिणवत नाही, कारण पडद्यावर गोऱ्यांचे आणखी शेकडो नमुने असतात.

'साउथ पार्क'चं प्रकरण जास्त मजेशीर आहे. त्यात वर्गातल्या काळ्या मुलाला सगळे 'टोकन' म्हणत, म्हणजे नावापुरता घेतलेला. टोमणा अर्थातच टीव्हीवाल्यांना होता. २०२२मध्ये मालिकेनं सांगितलं, की त्याचं नाव आधीपासून, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या लेखकावरून ठेवलेलं, 'टॉल्किन'च होतं; उच्चार जवळपास सारखाच. म्हणजे 'टोकन' ऐकणारा प्रेक्षकच उघडा पडला. याला 'उपरोध' म्हणावं. पण त्याच मालिकेत चिनी हॉटेलवाल्याला 'सिटी' नीट म्हणता येत नाही, यावर वर्षानुवर्षं हशे पिकवले गेले. ती निव्वळ टवाळी, आणि वंशभेदीच.

म्हणून माझं मत, विशेषण अख्ख्या मालिकेला चिकटवू नये, त्या-त्या विनोदाला लावावं. 'ही मालिका वर्णद्वेषी आहे' याऐवजी 'अपूचं पात्र ठोकळेबाज आहे आणि त्याच्या उच्चारांवरचे विनोद वंशभेदी आहेत' असं लिहावं. वाक्य लांबतं खरं.

जाता जाता : आपल्या नाटक-सिनेमांतला, दर वाक्याला 'अय्यो' म्हणणारा 'मद्रासी' ठोकळेबाज नक्कीच आहे. पण त्याला 'वंशभेदी' लावू नका; तिथे प्रश्न प्रांताचा आणि भाषेचा आहे. 'हेटाळणी' पुरेल.