नोटिशीने मुदत थांबत नाही

कराडच्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलंय. आर्किटेक्ट नेमून बंगला बांधला, फेब्रुवारी 2023 मध्ये राहायला गेले. पहिल्याच पावसात, जुलै 2023 मध्ये, देवघराच्या भिंतीतून पाणी उतरलं. आर्किटेक्ट तेव्हापासून 'माणूस पाठवतो' म्हणताहेत. यंदा, जून 2025 मध्ये, वकिलामार्फत नोटीस दिली, उत्तर नाही. अशी पत्रं दर पावसाळ्यात येतात, गावाचं नाव तेवढं बदलतं.

आर्किटेक्ट जबाबदार धरता येतो का, यावर तुम्ही अडीच पानं घालवलीत. येतो. फी घेऊन दिलेली ती सेवा आहे. (सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये ग्राहक कायद्यातून बाहेर काढलं ते आम्हा वकिलांना. आर्किटेक्टांचं नशीब तितकं थोर नाही.)

तुमचं घोडं अडलंय ते तारखेपाशी. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ती या जुलैत संपली आणि आज ऑगस्ट आहे. नोटीस मुदतीत दिली होती हे खरं, पण नोटिशीने मुदत वाढत नाही. जूनमध्ये त्याच वकिलांकडून ग्राहक आयोगाकडे थेट तक्रार दाखल करून घेतली असती तर प्रश्नच नव्हता. 'संबंध बिघडायला नकोत म्हणून थांबलो', असं लिहिता. देवघरात परात लावून बसलात तेव्हा कुठले संबंध शिल्लक होते?

आता तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज जोडा आणि उशिराचं कारण तारीखवार लिहा. मे 2024 मधला आर्किटेक्टचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश, 'पाऊस सुरू व्हायच्या आत गच्ची पुन्हा करून देतो', हे चार पानांतलं एकमेव कामाचं वाक्य आहे आणि ते तुम्ही शेवटी ताजा कलम म्हणून टाकलंय! तो फोन विकू नका, बदलू नका. प्रिंटआउटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागेल. आयोग उशीर माफ करेलच, अशी हमी मी देत नाही. रोज होणारा उशीर मात्र तुमच्याच खाती जमा होतोय.

दिवाणी दाव्याला तीन वर्षं असतात. पण ती गळतीपासून मोजायची की काम बिघडलं तेव्हापासून, यावर समोरचा वकील भांडणारच. त्या भरवशावर राहू नका.

दोष नेमका कुणाचा, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. नकाशातच उतार चुकला असेल तर आर्किटेक्टचा. नकाशा बरोबर आणि काम वाईट असेल तर आधी कंत्राटदाराचा, पण मग त्याचं वॉटरप्रूफिंगचं बिल तपासून सही कुणी केली ते बघा. नेमणूकपत्रात 'रोजची देखरेख' आहे की 'वेळोवेळी भेटी', यावरही बरंच ठरेल. तूर्त दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे तक्रार दोघांविरुद्ध लावा.

आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते. 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणे ताकीद, निलंबन किंवा नोंदवहीतून नाव काढणं, इतकंच तिथे होतं. गच्चीचा खर्च तिथून मिळत नाही. ग्राहक आयोगाने सामनेवाल्यांना नोटीस पोचल्यापासून साधारण तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. तेवढ्यात ती नोटीसच पोचली तरी पुष्कळ.

आणि मेव्हण्यांच्या ओळखीच्या माणसाकडून गच्चीवर केमिकलचा कोट मारून घेणार आहात, ते आधी थांबवा. पाणी गळतंय तोवरच त्रयस्थ इंजिनिअरकडून पाहणी आणि तारखेसह फोटो करून घ्या. कोट नंतर.