कैद्यांनी खोदलेली गोदी

प्रश्न : लेकीकडे सिडनीला गेले होते. तिथल्या कोकाटू बेटावर खडकात खोदलेला लांबच लांब हौद पाहिला, बाजूंना घाटासारख्या पायऱ्या. ही जहाजांची सुकी गोदी, कैद्यांनी खोदलेली, असं जावई म्हणाले. कैदीच का? आणि एवढं धूड कोरड्यात कलंडत कसं नाही?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, माझी तेहेतीस वर्षं मुंबईत गोदीच्या कामात गेली, म्हणून संपादकांनी तुमचं पत्र माझ्याकडे धाडलं. तुम्ही पाहिलीत ती फिट्झरॉय गोदी. कैदी का, तर बेटावर तुरुंग होताच आणि मजुरी द्यायला नको. १८४७ साली काम निघालं, पुरं व्हायला १८५७ उजाडलं. वाळूचा खडक फोडायचा, तोही कधीकधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून. २०१० पासून ते बेट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

आता कलंडण्याचं. साफसफाईला रामकुंड रिकामं करतात ना, तसंच, फक्त आधी जहाज दुरुस्तीसाठी आत घ्यायचं. तोंडाचा दरवाजा बंद केला की पंप सुरू. तळाशी मधोमध ठोकळ्यांची रांग असते, तिच्यावर जहाजाचा कणा बसायला हवा. बहुधा आधी मागची बाजू टेकते. त्या घटकेला जहाज धड पाण्यात नाही, धड जमिनीवर नाही. जीव टांगणीला लागतो तो तेव्हा. एकदा एका ठोकळ्यावरची लाकडी उशी चिरडली, फटाक्यासारखा आवाज झाला. आमचे टिंडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, बिडी टाकून पळत कठड्याशी आले. जहाज हललं नाही, पण पुढे तासभर कोणी बोललं नाही.

तुमच्या त्या पायऱ्या इथेच कामाला येतात. जहाजाची कूस आणि पायरी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी वासे टेकू म्हणून ठोकत. पाणी उतरेल तसे खालच्या पायरीवर आणखी वासे. (पाणी आटलं की तळाला बोई, शिंगाळे असे मासे तडफडत. खलाशी डबे घेऊनच उतरत.)

जावईबापूंना एवढं सांगा, मुंबईत जहाजं बांधणाऱ्या लवजी नसरवानजी वाडियांच्या देखरेखीखाली १७५० मध्येच सुकी गोदी झाली होती, सिडनीच्या शंभर वर्षं आधी. पण ती आहे नौदल गोदीच्या आवारात. नाशिकहून बघायला सिडनीचीच सोपी!