कुलाब्याला ओहोटी, उंदेरीला भरती

प्रश्न : अष्टमीला अलिबागला गेलो होतो. दुपारी 12 ची ओहोटी साधून निघालो, तरी कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर मांडीपर्यंत पाणी! आमची वेळ चुकली का?

उत्तर : वेळ नाही, तिथी चुकली. कोळ्यांचा हिशोब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा ठोकळ तास मिळतो आणि त्याच्या सहा तास आगेमागे ओहोटी. चतुर्थीला भरती 3 वाजता, ओहोटी सकाळी 9 ला. अष्टमीला भरती 6 ला, ओहोटी 12 ला. अर्ध्या तासाचा फरक धरावाच. पण अष्टमी म्हणजे भांग. त्या दिवसांत पाणी फार चढत नाही, तसं फार ओसरतही नाही. पुनवे-अवसेच्या उधाणाला वाट चांगली उघडी पडते, मात्र ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी 6 च्या सुमारास येते. म्हणून तृतीया-चतुर्थी सोयीची, पक्ष कोणताही असो.

चतुर्थीला 8 वाजता वाळूत उतरा आणि साडेदहाच्या आत परत फिरा. पाणी चढायला लागलं की पहिला तास काही जाणवत नाही, तिसऱ्या-चौथ्या तासाला ते झपाट्याने येतं. तिथेच लोक अडकतात. घोडागाडी थोड्या पाण्यातूनही जाते, पण तिच्या भरवशावर गडावर रेंगाळू नये. आत 1759 चं गणेशपंचायतन आणि गोड्या पाण्याचा तलाव आहे. तट मात्र सावकाश पाहा : चुना न वापरता नुसते चिरे रचलेत, लाटेचं पाणी फटींत शिरून तिचा जोर मोडतो.

प्रश्न : त्याच दिवशी थळहून खांदेरी-उंदेरी ही किल्ल्यांची बेटं जमतील का?

उत्तर : चतुर्थी असेल तर छान जमतील, कारण इथे नेमकं उलटं, भरती हवी. ओहोटीला थळच्या किनाऱ्यावर होड्या चिखलात बसलेल्या असतात. साडेबाराला निघा, आधी खांदेरी. तिथे धक्का आहे, उतरणं सोपं. 1679 मध्ये महाराजांच्या हुकुमाने मायनाक भंडारींनी तट उभारायला घेतला तो हाच. 1867 चं दीपगृह, वेताळाचं देऊळ आणि चाकांच्या गाड्यावरची तोफ चुकवू नका.

तिथून 3 च्या सुमारास उंदेरी. हिला धक्काच नाही, शेवाळलेल्या खडकांवर उडी टाकावी लागते. चपला नकोत, तळ धरणारे बूट हवेत. पाणी उतरलं की खडक वर येतात नि होडी लागत नाही, त्यामुळे पाऊण तासात आवरा. लहान मुलं, गुडघेदुखीवाले यांनी होडीतूनच तट पाहावा, त्यात कमीपणा नाही. 1680 मध्ये सिद्दीने ही जागा बळकावली ती खांदेरीला शह द्यायला. होडीतून दोन्ही बेटं एकदम दिसली की ते आपोआप कळतं.

होडी अख्खी ठरवावी लागते. भाडं, थांबण्याचा वेळ, अंगरख्यासारखी घालायची लाइफ जॅकेटं आणि उतरायला परवानगी लागते का, हे निघण्याआधीच बोलून घ्या. पावसाळ्यात जाऊ नका. दुपारी वारा वाढला आणि तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, ‘उंदेरी नको’ म्हणाला, तर हुज्जत घालू नका.