नजर गेल्यावर सवय व्हायला किती दिवस लागतात?

तुम्ही लिहिलंय की काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, वय ४३, आणि घरचे म्हणतात, "होईल हळूहळू सवय." खरंच होते का, किती दिवसांत, असं विचारलंय.

होते, पण सगळ्याची एकदम होत नाही. मला चहा करायला तीन आठवडे लागले आणि काठी हातात धरायला दीड वर्ष. माझे डोळे मधुमेहाने गेले. राहायला पुण्यात, शनिवार पेठेत.

ते दीड वर्ष शिकण्यात नाही, लाजण्यात गेलं. पेठेत जन्म गेलेला, गिरणीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे ओळखणारे. पांढरी काठी घेतली की सगळ्यांना कळणार! जसं काही बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालताना कुणाला कळतच नव्हतं. शेवटी पहाटे साडेपाचला, गल्लीत दूधवाल्याखेरीज कुणी नसताना सुरुवात केली. काठी उभी धरल्यावर छातीच्या हाडापर्यंत यावी. डावं पाऊल टाकताना टोक उजवीकडे, उजवं टाकताना डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच चाचपलेली असते. हे नुसतं वाचून जमत नाही, शिकवणारा लागतो. कोरेगाव पार्कची मुलांची आणि कोथरूडची मुलींची अंधशाळा शाळकरी मुलांसाठी आहे, पण मोठ्यांना कोण शिकवतं याची चौकशी तिथूनच सुरू करा.

काठीपेक्षा जास्त काम कान आणि गाल करतात. भिंत संपून बोळ लागला की गालाला वारा लागतो आणि काठीचा आवाज मोकळा होतो. अमृततुल्यचा आल्याचा वास आला की आमचा कोपरा. पण गणपतीत ढोल सुरू झाले की माझा नकाशा पुसला जातो. ते दहा दिवस मी संध्याकाळी बाहेर पडत नाही. विजेवरच्या बसचा मुळी आवाजच येत नाही, तिथे जपा. आणि पुणेकर! दारावरच्या पाटीत काटेकोर सूचना लिहिणारा माणूस रस्ता विचारला की हात करून "हे काय, इकडनं" म्हणतो. मग मीच विचारतो, "माझ्या उजव्या हाताला की डाव्या?"

जेवणाचं मात्र लवकर जमलं, कारण आपलं ताट आपल्यासाठीच मांडल्यासारखं असतं. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. लहानपणी आईच्या या शिस्तीचा कंटाळा यायचा. आता घरात एवढंच सांगून ठेवलंय: वाढताना जागा बदलू नका आणि भरवायला येऊ नका. कपात चहा ओतताना आवाज बारीक होत वर चढतो, त्यावरून कप भरत आल्याचं कळतं. सुरुवातीला काठावर बोट ठेवा. भाजेल थोडं.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती, म्हणून मुद्दाम लिहितो. नजर गेल्यावर चार-पाच महिन्यांनी मला समोरच्या भिंतीवर जाळीदार नक्षी दिसायला लागली, मग अनोळखी चेहरे. डोकं फिरलं असं वाटून मी कुणाशी बोललो नाही, रात्र रात्र जागलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, चार्ल्स बॉनेट सिंड्रोम. स्वित्झर्लंडच्या चार्ल्स बॉनेट या निसर्गशास्त्रज्ञाने १७६० मध्ये आपल्या आजोबांना अशीच दृश्यं दिसत असल्याचं लिहून ठेवलंय. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. हे वेड नव्हे. तुम्हाला तसं काही दिसलं तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. माझी नक्षी वर्षभरात विरळ झाली.

मोबाइलचं सगळे सांगतीलच, पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय असते. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए. तिन्हींना वेगळे पैसे लागत नाहीत. पहिला आठवडा फोन फेकून द्यावासा वाटतो. नोट किती रुपयांची हे बोलून सांगणारं रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप आहे, ते हवंच, कारण शंभर आणि दोनशेच्या नव्या नोटांच्या लांबीत फक्त ४ मिलिमीटरचा फरक आहे आणि रिक्षावाला बोटांनी मोजायला वेळ देत नाही.

नोकरीचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. सरकारी असेल तर राजीनाम्यावर सही करू नका, मग साहेब कितीही गोड बोलोत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही की पदावनती करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यावं लागतं. माझी खासगी होती. "तुम्ही आता आराम करा" म्हणाले आणि मीही मुकाट सही केली. तेव्हा मला ना काठी धरता येत होती, ना फोन, आणि त्यांनी पुढे केलेला कागद वाचून दाखवायला शेजारी आपलं माणूस नव्हतं.

दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज मात्र याच आठवड्यात भरा.