मे महिन्यात कोकणात अख्खं घर घ्यायचंय, काय काय विचारू?

प्रश्न : मेमध्ये आम्ही १२ जण गुहागरकडे जायचं म्हणतोय. सासूबाई ७८ वर्षांच्या, गुडघे दुखतात, जावेचं बाळ दोन वर्षांचं. हॉटेलात चार रूममध्ये विखुरण्यापेक्षा एक अख्खं घर घ्यावं असं वाटतं. फोटो सगळेच छान आहेत, रेट मात्र वाट्टेल ते. नेमकं काय बघून ठरवायचं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, समुद्र किती लांब हे सगळे आधी विचारतात, पण तुमच्या केसमध्ये मी आधी सासूबाईंचं बघेन. कोकणातलं जुनं घर म्हणजे उंच जोतं, माडीवर जायला उभा लाकडी जिना, आणि काही घरांत संडास-न्हाणीघर अजून मागच्या बाजूला, रात्री उठलं की अंगणातून जायचं. फोटोत झोपाळा दिसतो, हे दिसत नाही. म्हणून फोनवर सरळ विचारा की खालीच झोपायची खोली आहे का, कमोड आहे का, आतूनच जाता येतं का, पायऱ्या किती आणि धरायला कठडा आहे का. मालकाला व्हिडिओ कॉलवर गेटपासून बाथरूमपर्यंत चालत यायला सांगा, चांगला माणूस आनंदाने दाखवतो.

दुसरं बाळाचं. वाडीत विहीर असतेच, तिला कठडा आणि वर जाळी आहे का हे मला तरी एसीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मग पाणी. मेमध्ये विहिरी खाली जातात, किनाऱ्याच्या अगदी जवळ तर काही ठिकाणी पाणी मचूळ होतं, त्यामुळे १२ जणांच्या आंघोळीला पाणी पुरेल का, प्यायला वेगळं आहे का, टँकर लागला तर पैसे कोणाचे, हे आधीच बोलून घ्या, तिथे गेल्यावर बोललं की दोघांचीही तोंडं वाकडी होतात. लाईटचंही तेच, मेच्या शेवटी वळवाचा पाऊस आला की लाईट जाते. ‘बॅकअप आहे’ म्हणाले तर कशावर ते विचारा, साध्या इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, एसी नाही. आणि ‘१२ जणांची सोय’ म्हणजे १२ बेड की हॉलमध्ये गाद्या, बाथरूम किती, हेही.

जेवणाचं नीट विचारा बरं का. गुहागर, केळशी, दिवेआगर या बाजूला बऱ्याच घरांत शाकाहारीच चालतं, बाहेरून मासे आणून खायलाही परवानगी नसते. त्यांचं घर आहे, त्यांचा नियम, पण तुमच्यातले निम्मे सुरमईसाठी येणार असतील तर घरच दुसरं बघा. ताटाचा रेट घराच्या भाड्यात धरलाय का, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचं का, स्वयंपाकघर आणि गॅस तुम्हाला वापरायला मिळेल का, बाळाच्या खिमटीसाठी ते लागेलच.

गाडीचं लोक विसरतात. वाडीतले रस्ते दोन्हीकडच्या गडग्यांमुळे, म्हणजे दगडी कुंपणांमुळे, अरुंद, कुठे शेवटी नुसती पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट, टेम्पो ट्रॅव्हलर दारापर्यंत येत नाही, मग सासूबाईंनी सामानासकट चालायचं का? ट्रेनने जाणार असाल तर चिपळूणला उतरून पुढे गुहागर साधारण ४५ किलोमीटर आहे, गाडी घरमालकच सांगून ठेवतात. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे मेचं तिकीट मार्चमध्ये, तोवर घर पक्कं हवं.

तारखा ठरवताना कॅलेंडर घ्या. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे कळते, अष्टमीला सकाळ-संध्याकाळी ६ च्या सुमारास भरती, पौर्णिमा-अमावास्येला दुपारी १२ च्या आसपास. ओहोटी लागली की पाण्याला आत ओढ असते, तेव्हा मुलांना पाण्यात सोडू नका, आणि कुठे उतरायचं ते गावातल्या माणसालाच विचारा.

प्रश्न : फेसबुकवर बंगला आवडला, निम्मे पैसे लगेच पाठवा म्हणतात. पाठवू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : इतक्यात नको. तेच फोटो गूगल लेन्सवर टाकून बघा, दुसऱ्याच गावच्या बंगल्याचे निघतात कधी कधी. मॅपवर ठिकाण शोधा, जवळच्या एखाद्या दुकानाला किंवा दुसऱ्या होमस्टेला फोन करून अमक्या वाडीत असं घर आहे का विचारा, गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. पैसे पाठवताना यूपीआयवर येणारं नाव मालकाचंच आहे ना बघा, कॅन्सल केलं तर किती परत ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ‘रिफंडसाठी पिन टाका’ म्हणाले की फोन ठेवा, पैसे यायला पिन लागत नाही. आणि पैसे गेलेच तर वाट बघत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.